बिटवॉर्डन घरी वापरताना

घरातल्या चार माणसांचे पासवर्ड सांभाळण्याची जबाबदारी ज्याच्यावर येऊन पडते, अशा प्रत्येकासाठी हा अभिप्राय लिहीत आहे. बिटवॉर्डन हा पासवर्ड मॅनेजर, म्हणजे पासवर्ड साठवून ठेवणारे आणि लागतील तेव्हा भरून देणारे ॲप, आमच्याकडे काही वर्षांपासून वापरात आहे. मी, माझा नवरा, कॉलेजात शिकणारा मुलगा आणि सातारला एकटी राहणारी माझी आई असे आम्ही चौघे तो आपापल्या फोनवर वापरतो. माझे मत सुरुवातीलाच सांगते. मोफत मिळणाऱ्या साधनांमध्ये सामान्य कुटुंबासाठी याच्याइतके भरवशाचे साधन मला दुसरे आढळलेले नाही. मात्र ॲप फोनमध्ये उतरवून घेतले की काम संपले, असे मुळीच नाही. खरे काम त्यानंतर, कागद-पेन घेऊन आणि घरच्यांशी बोलूनच पुरे होते, आणि त्याविषयी फारसे कोणी लिहीत नाही म्हणून इथे जरा सविस्तर लिहिते.

एका घराला किती पासवर्ड लागतात याचा अंदाज ते एका जागी लिहायला बसल्याशिवाय येत नाही. नेट बँकिंगचा लॉगिन पासवर्ड वेगळा, पैसे पाठवताना लागणारा ट्रान्झॅक्शन पासवर्ड वेगळा, काही बँकांमध्ये त्याउपर प्रोफाइल पासवर्ड. मग डीमॅट खाते, भविष्य निर्वाह निधीचा यूएएन, प्राप्तिकराचे ई-फायलिंग, आयआरसीटीसी, महावितरण, गॅसची नोंदणी, विमा कंपन्या. याशिवाय ईमेलने येणाऱ्या कुलूपबंद पीडीएफ फाइली असतात आणि त्यांची सूत्रे आणखी निराळी. ई-आधारच्या फाइलला नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे कॅपिटलमध्ये आणि त्यापुढे जन्मवर्ष टाकावे लागते. बँकेच्या स्टेटमेंटला कुठे जन्मतारीख, कुठे ग्राहक क्रमांक, कुठे पॅन. ही सूत्रे कोणाच्याच लक्षात राहत नाहीत आणि नेमकी रिटर्न भरायच्या शेवटच्या आठवड्यात लागतात.

यावर घरोघरी दोन उपाय चालत आलेले आहेत. पहिला म्हणजे मुलाचे नाव, त्यापुढे ॲटचे चिन्ह आणि एखादे साल असा एकच पासवर्ड सगळीकडे वापरणे. हा उपाय घातक आहे, कारण एखाद्या किरकोळ खरेदीच्या संकेतस्थळावरून तो पासवर्ड फुटला की चोर त्याच ईमेलसह तो बँका, ईमेल सेवा आणि सोशल मीडियावर यंत्राच्या साहाय्याने लावून पाहतात. दुसरा उपाय म्हणजे डायरी. डायरीला हसणाऱ्यांशी मी सहमत नाही. कपाटातली वही परदेशात बसलेल्या चोराच्या हाती लागू शकत नाही, ही मोठीच जमेची बाजू आहे. परंतु ती बाहेर असताना हाताशी नसते, पासवर्ड बदलला की खाडाखोड होते आणि मुख्य म्हणजे समोर उघडलेले संकेतस्थळ खरे आहे की बनावट, हे तिला कळत नाही. पासवर्ड मॅनेजरला ते कळते, आणि माझ्या दृष्टीने तो घेण्याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे. त्याकडे पुढे येतेच.

बिटवॉर्डन २०१६ मध्ये काइल स्पिअरिन यांनी अमेरिकेत सुरू केला. त्याचा सोर्स कोड खुला आहे, म्हणजे जाणकार तो वाचून तपासू शकतात, आणि बाहेरच्या संस्थांकडूनही त्याची सुरक्षा-तपासणी वेळोवेळी करून घेतली जाते. मोफत योजनेत पासवर्ड कितीही ठेवता येतात आणि फोन, संगणक, टॅबलेट अशी उपकरणे कितीही जोडता येतात. शेवटची सोय महत्त्वाची आहे. लास्टपास या एकेकाळच्या लोकप्रिय सेवेने मार्च २०२१ मध्ये मोफत ग्राहकांना संगणक किंवा मोबाइल यांपैकी एकच प्रकार निवडायला लावले, तेव्हा बरेच लोक तिथून इकडे आले.

आईला हे सगळे समजावून सांगितले तेव्हा तिचा पहिला प्रश्न होता, “अगं, घरातल्या सगळ्या किल्ल्या एकाच पेटीत घालायच्या आणि ती पेटी परक्याच्या घरी नेऊन ठेवायची, हे बरं का?” प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर प्रत्येकाने समजून घेतल्याशिवाय हे साधन वापरू नये. आपण नोंदवलेली माहिती आपल्या फोनवर किंवा संगणकावरच एन्क्रिप्ट होते आणि त्या अगम्य रूपातच कंपनीच्या सर्व्हरवर जाते. ती उलगडण्याची किल्ली आपल्या मास्टर पासवर्डापासून, म्हणजे ॲप उघडण्याच्या मुख्य पासवर्डापासून, तयार होते आणि मास्टर पासवर्ड मूळ रूपात कंपनीकडे कधीच जात नाही. शिवाय ती किल्ली तयार करताना गणिताची एक प्रक्रिया मूळ सेटिंगनुसार ६,००,००० वेळा फिरवली जाते, म्हणजे माहितीची प्रत चोरून नेणाऱ्यालाही प्रत्येक अंदाज पडताळायला तेवढा खटाटोप करावा लागतो. आपल्याला एकदाच करायचा असल्याने तो जाणवत नाही. चोराला अब्जावधी अंदाज करायचे असल्याने तो त्याला महाग पडतो.

हे केवळ पुस्तकी नाही. २०२२ मध्ये लास्टपासच्या ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या, म्हणजे सगळ्या नोंदींच्या साठ्यांच्या, प्रतीच चोरीला गेल्या. आतले पासवर्ड एन्क्रिप्ट केलेले होते, परंतु कोणत्या संकेतस्थळांवर खाती आहेत ते पत्ते उघडे होते. बिटवॉर्डनमध्ये पत्तेही एन्क्रिप्ट होतात, हा फरक मोलाचा आहे. मात्र त्या घटनेतून दिसलेली मुख्य गोष्ट सर्वच पासवर्ड मॅनेजरांना लागू पडते: पेटी परक्याच्या घरून चोरीला जाऊ शकते, हे गृहीत धरावे आणि कुलूप असे लावावे की पेटी नेणाऱ्याच्या हाती काही लागू नये. ते कुलूप म्हणजे मास्टर पासवर्ड. तो आपणच ठरवायचा असतो आणि तो कमकुवत असेल तर बाकीच्या सगळ्या तंत्राचा उपयोग फार कमी उरतो.

म्हणून मास्टर पासवर्ड निवडायला घरी एक संध्याकाळ राखून ठेवावी, असे मी सांगेन. ॲपमध्ये शब्द जोडून पासवर्ड बनवण्याची सोय आहे, पण ते शब्द इंग्रजी असतात आणि माझ्या आईसारख्या आयुष्यभर मराठी शाळेत शिकवलेल्या बाईला ते लक्षात राहत नाहीत. आम्ही मराठी शब्दकोश घेतला, डोळे मिटून पाने उघडली आणि बोट पडेल तिथले सोपे, एकमेकांशी संबंध नसलेले पाच शब्द घेतले. शब्द आपल्या मनाने निवडू नयेत, कारण मनाने निवडले की देवांची, नातवंडांची आणि गावांची नावेच सुचतात. अभंगाची ओळ किंवा म्हणही घेऊ नये, कारण ती हजारोंना पाठ असते. शब्द मराठी असले तरी ते रोमन लिपीत टाइप करावेत, कारण देवनागरी कळफलक प्रत्येक संगणकावर नसतो आणि जोडाक्षरे निरनिराळ्या उपकरणांवर निरनिराळ्या क्रमाने साठवली जाण्याची शक्यता असते. रोमन लिपीत मात्र स्पेलिंगचा प्रश्न उभा राहतो. शेवगा लिहिताना व्ही वापरायचा की डब्ल्यू, चूल लिहिताना यू एकदा की ओ दोनदा, हे आज एका प्रकारे आणि महिन्याने दुसऱ्या प्रकारे लिहिले जाते. ज्या शब्दांचे स्पेलिंग दोन प्रकारे होऊ शकते ते शब्द आम्ही सरळ टाकून दिले आणि पुन्हा पाने उघडली. राहिलेले पाच शब्द आईने आठवडाभर रोज सकाळी एकदा टाइप केले. आता फोन तिच्या बोटाच्या ठशाने उघडतो, तरी मास्टर पासवर्ड अधूनमधून हाताने टाकायचा, हा नियम आम्ही पाळतो. ठशावरच विसंबले की मूळ पासवर्ड विस्मरणात जातो, आणि कंपनी तो कोणत्याही परिस्थितीत परत मिळवून देऊ शकत नाही. आधी दुसरी काही सोय केलेली नसेल, तर विसरल्यास खाते पुसून नव्याने सुरुवात करणे एवढेच हाती राहते.

आता बनावट संकेतस्थळांविषयी. वीजबिल भरले नसल्याने आज रात्री वीज तोडली जाईल, केवायसी अपूर्ण असल्याने खाते गोठवले जाईल, असे संदेश महाराष्ट्रात कोणाला आलेले नाहीत असे घर सापडणे कठीण आहे. त्यातल्या दुव्यावर टिचकी मारली की बँकेच्या पानासारखे हुबेहूब पान उघडते. पत्त्यातला एका अक्षराचा फेर सत्तरीच्या माणसालाच काय, घाईत असलेल्या तिशीच्या माणसालाही दिसत नाही. बिटवॉर्डन पासवर्डाबरोबर संकेतस्थळाचा पत्ता नोंदवून ठेवतो आणि समोरच्या पानाचे डोमेन, म्हणजे पत्त्यातले संकेतस्थळाचे मूळ नाव, त्या नोंदीशी जुळले तरच पासवर्ड भरण्यासाठी पुढे करतो. पान कितीही हुबेहूब असले, तरी डोमेन जुळत नसेल तर तो गप्प राहतो. आईला मी एकच नियम सांगितला आहे: बिटवॉर्डनने आपणहून नोंद दाखवली नाही तर तिथे काहीही टाइप करायचे नाही आणि मला फोन करायचा. इंटरनेटच्या सुरक्षेविषयी तिला दिलेल्या सगळ्या सूचनांमध्ये कायम पाळली जाणारी सूचना हीच, कारण तिच्यात पारखण्याचे काम माणसावर टाकलेले नाही. अर्थात फोनवरून गोड बोलून ओटीपी काढून घेणाऱ्यांपासून किंवा लग्नपत्रिका म्हणून पाठवलेल्या एपीके (फोनमध्ये ॲप बसवणाऱ्या) फाइलीपासून हे साधन वाचवत नाही. तिथे सावध राहण्याला पर्याय नाही.

या नियमाची एक बाजू अलीकडे त्रासदायक ठरली. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये सर्व बँकांना आपली संकेतस्थळे ‘डॉट बँक डॉट इन’ या राखीव डोमेनवर ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत हलवायला सांगितले. निर्णय अतिशय चांगला आहे, कारण हे डोमेन खऱ्या बँकांखेरीज कोणाला मिळू शकत नाही. परंतु आपल्या नोंदीत जुना पत्ता असल्याने नव्या पत्त्यावर बिटवॉर्डन पासवर्ड दाखवत नाही, आणि नियमानुसार ते पान संशयास्पद ठरते. अशा वेळी नवा पत्ता संदेशातून किंवा सर्च इंजिनच्या जाहिरातीतून न घेता पासबुकावरून, बँकेच्या ॲपमधून किंवा शाखेतून खात्री करून घ्यावा आणि त्याच नोंदीत दुसरा पत्ता म्हणून जोडावा. एका नोंदीला अनेक पत्ते जोडण्याची सोय आहे. घरातल्या ज्येष्ठांच्या नोंदी त्यांच्यावर न सोडता हे काम आपण एकदाच बसून करून टाकणे इष्ट आहे.

बिटवॉर्डनचा अनुभव जिथे सर्वांत जास्त बिघडतो, तिथे बहुतेक वेळा दोष बिटवॉर्डनचा नसतो. एका बँकेचे नेट बँकिंगचे पान मी नेहमी वापरते. तिथे पासवर्डाच्या चौकटीत पेस्ट चालत नाही, ऑटोफिलने, म्हणजे ॲपने आपोआप, भरलेली अक्षरे पान लगेच पुसून टाकते आणि पडद्यावर आभासी कळफलक येतो, ज्यातल्या आकड्यांच्या जागा दर वेळी बदललेल्या असतात. मग बिटवॉर्डन शेजारी उघडायचा, डोळ्याच्या चिन्हावर टिचकी मारून पासवर्ड दृश्य करायचा आणि एकेक अक्षर शोधून दाबायचे. इथे बिटवॉर्डनचा एक छोटा गुण उपयोगी पडतो. अक्षरे, आकडे आणि विशेष चिन्हे तो निरनिराळ्या रंगांत दाखवतो, त्यामुळे शून्य आणि कॅपिटल ओ यांचा घोटाळा होत नाही. पासवर्ड तयार करतानाच एकसारखी दिसणारी अक्षरे वगळण्याचा पर्यायही आहे. अशा बँकांसाठी तो जरूर निवडावा आणि लांबी बँकेच्या कमाल मर्यादेत ठेवावी. कोणती विशेष चिन्हे चालतात हेही आधी पाहून घ्यावे. पासवर्ड बदलण्याच्या पानावर ती यादी एखाद्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत दिलेली असते आणि नाकारलेल्या पासवर्डाचे कारण मात्र धड सांगितले जात नाही.

त्याच बँकेत ठरावीक मुदतीनंतर पासवर्ड सक्तीने बदलावा लागतो आणि आधीचे काही पासवर्ड पुन्हा चालत नाहीत. या सक्तीमागचा विचार आता कालबाह्य झालेला आहे, हे बँकांच्या तंत्रज्ञांना माहीत नसेल असे वाटत नाही. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने २००३ च्या सुमारास प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेतून कॅपिटल अक्षर, आकडा, चिन्ह आणि ठरावीक काळाने बदल हे नियम जगभर पसरले. ती मार्गदर्शिका लिहिणारे बिल बर यांनी २०१७ मध्ये त्याबद्दल जाहीरपणे खंत व्यक्त केली, आणि त्याच वर्षी संस्थेने आपले धोरण बदलून कारणाशिवाय पासवर्ड बदलायला लावू नये, चिन्हांची सक्ती करू नये आणि पेस्ट करू द्यावे, असे सांगितले. ब्रिटनच्या राष्ट्रीय सायबर सुरक्षा केंद्रानेही पेस्ट रोखू नका, असा सल्ला २०१७ मध्येच दिला. सक्तीने बदलायला लावले की माणसे शेवटचा आकडा एकने वाढवतात, आणि पेस्ट रोखली की हाताने टाइप करण्याजोगा लहान, सोपा पासवर्ड ठेवतात. म्हणजे सुरक्षेसाठी केलेल्या नियमाने नेमके सुरक्षेचेच नुकसान होते. आपल्याकडच्या बँकांनी किमान पेस्टची बंदी तरी उठवावी, ही माझी कळकळीची मागणी आहे. मी ती माझ्या बँकेला लेखीही कळवली आहे आणि ज्यांना हा त्रास होतो त्या प्रत्येकाने आपापल्या बँकेला कळवावी, असे वाटते. तोपर्यंत बिटवॉर्डन एवढीच मदत करतो की प्रत्येक नोंदीचे आधीचे पाच पासवर्ड तो जपून ठेवतो, त्यामुळे बदल अर्धवट झाला आणि नवा पासवर्ड लागू झाला की जुनाच राहिला हे कळेनासे झाले, तर जुना हाताशी असतो.

फोनवरच्या ऑटोफिलविषयी थोडे. अँड्रॉइडवर सेटिंगमध्ये जाऊन बिटवॉर्डनला ऑटोफिल सेवा म्हणून निवडावे लागते. ॲक्सेसिबिलिटी नावाची दुसरी परवानगीही ॲप मागू शकते, पण ती देऊ नये असे माझे मत आहे, कारण बाहेरच्या ॲपला ही परवानगी दिलेली असेल तर आपल्याकडची काही बँकिंग ॲप उघडायलाच नकार देतात. तसेही बहुतेक बँकिंग ॲप सिमकार्डाशी आणि एमपिनशी बांधलेली असल्याने तिथे पासवर्ड मॅनेजरची गरज फारशी पडत नाही. संगणकावर ब्राउझरचे एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा पूरक प्रोग्राम, उत्तम चालते. पान उघडताच आपोआप पासवर्ड भरण्याचा पर्याय मुळात बंद असतो आणि तो तसाच बंद ठेवावा. ऑगस्ट २०२५ मध्ये मारेक टोथ या संशोधकाने अनेक पासवर्ड मॅनेजरांच्या एक्स्टेन्शनमधला दोष दाखवून दिला, ज्यात फसव्या पानावरची एक टिचकी नकळत ऑटोफिलच्या मेन्यूवर पडू शकत होती. त्या यादीत बिटवॉर्डनही होता. दुरुस्ती त्याच महिन्यात आली, पण ती ज्यांनी अपडेट केले त्यांनाच मिळाली. अपडेट टाळण्याची सवय असलेल्यांनी हे साधन वापरण्याआधी ती सवय सोडावी.

काय ठेवावे आणि काय ठेवू नये, याचा निर्णय प्रत्येक घराने स्वतः करावा. यूपीआय पिन आणि एटीएम पिन आम्ही यात ठेवत नाही. ते चार-सहा आकडे पाठ असतात आणि पाठच असावेत. पीडीएफची सूत्रे मात्र टिपणाच्या रूपात ठेवली आहेत. विमा पॉलिसीचे क्रमांक, लॉकरची शाखा, मीटरचा ग्राहक क्रमांक याही नोंदी आहेत आणि त्या पासवर्डांपेक्षाही जास्त वेळा लागतात. दोन व्यक्तींमध्ये निवडक नोंदी सामायिक करण्याची सोय मोफत योजनेतच असल्याने वीज, गॅस आणि सोसायटीच्या नोंदी नवऱ्याला आणि मला दोघांनाही दिसतात. त्याहून अधिक माणसांसाठी कुटुंबाची सशुल्क योजना आहे, ती सहा जणांना पुरते. खाते उघडताना अमेरिका आणि युरोप यांपैकी कोणत्या भागातला सर्व्हर हवा ते निवडावे लागते. भारताचा पर्याय नाही. घरच्या सगळ्यांनी एकच भाग निवडावा, नाहीतर नोंदी एकमेकांत सामायिक करता येत नाहीत.

सर्वांत गंभीर विचार करण्याची जागा म्हणजे आपल्याला काही झाले तर काय, ही. ज्या घरात सगळे व्यवहार एकच व्यक्ती पाहते, त्या घरात ती व्यक्ती रुग्णालयात दाखल झाली की वीजबिलापासून विम्याच्या क्लेमपर्यंत सगळे अडते. बिटवॉर्डनमध्ये यासाठी इमर्जन्सी ॲक्सेस आहे. आपण एका विश्वासू व्यक्तीला नेमतो. तिने मागणी केली की आपल्याला कळवले जाते आणि आपण ठरवलेल्या मुदतीत, जी एका दिवसापासून नव्वद दिवसांपर्यंत ठेवता येते, आपण नकार दिला नाही तर तिला आपल्या नोंदी दिसू लागतात. योजना अतिशय विचारपूर्वक केलेली आहे, पण ती प्रीमियम, म्हणजे शुल्क भरणाऱ्या, ग्राहकांनाच मिळते, आणि ही मला या उत्पादनातली खरी उणीव वाटते. बाकीच्या प्रीमियम सोयी चैनीच्या आहेत. ही गरजेची आहे आणि ती मोफत असायला हवी होती. शिवाय शुल्क डॉलरमध्ये असल्याने कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू करावे लागतात, आणि ऑक्टोबर २०२१ पासून लागू असलेल्या आवर्ती (ठरावीक काळाने आपोआप होणाऱ्या) व्यवहारांच्या नियमांमुळे भारतीय कार्डावरून पुढच्या वर्षीचे शुल्क आपोआप जाईलच याची खात्री धरता येत नाही. नूतनीकरणाची तारीख दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी.

प्रीमियम न घेणाऱ्यांसाठी कागद हा उत्तम उपाय आहे. एका कागदावर खात्याचा ईमेल, मास्टर पासवर्ड, निवडलेला सर्व्हरचा भाग आणि टू-स्टेप लॉगिनचा (म्हणजे पासवर्डाबरोबर दुसरा पुरावा मागणाऱ्या सोयीचा) रिकव्हरी कोड, जो तो पुरावा हाती नसताना चालतो, लिहावा, पाकिटात घालून पाकीट चिकटवावे आणि मृत्युपत्र, खरेदीखत, विम्याची कागदपत्रे जिथे असतात तिथेच ते ठेवावे. या कागदावर आणखी एक ओळ हवी, ती म्हणजे ईमेलचा पासवर्ड. २०२५ च्या सुरुवातीपासून, ज्यांनी टू-स्टेप लॉगिन लावलेले नाही त्यांना नव्या उपकरणावर लॉगिन करताना ईमेलवर आलेला कोड टाकावा लागतो. ईमेलचा पासवर्ड फक्त बिटवॉर्डनमध्येच असेल आणि फोन हरवला असेल, तर बिटवॉर्डन उघडायला ईमेल हवा आणि ईमेल उघडायला बिटवॉर्डन हवा, असा तिढा पडतो. टू-स्टेप लॉगिन लावून रिकव्हरी कोड कागदावर ठेवला की तो सुटतो.

हे लिहिताना एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक वाटते. पासवर्ड हाती असणे म्हणजे वारस असणे नव्हे. खातेदाराच्या निधनानंतर त्याच्या पासवर्डाने पैसे काढणे गैर आहे आणि त्यातून कुटुंबात व बँकेत दोन्हीकडे अडचणी उद्भवतात. त्यासाठी नॉमिनीची नोंद हा सरळ मार्ग आहे, आणि १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार जणांपर्यंत नॉमिनी नेमता येतात. तिजोरीतल्या नोंदींचा अशा प्रसंगी उपयोग म्हणजे कुठे कुठे खाती, ठेवी आणि पॉलिसी आहेत हे मागे राहिलेल्यांना कळणे. आपल्याकडे दावा न सांगितलेल्या ठेवींची रक्कम प्रचंड आहे, आणि त्यातल्या कितीतरी ठेवींची घरच्यांना माहितीच नसते. म्हणून प्रत्येक नोंदीच्या टिपणात नॉमिनी कोण, हेही मी लिहून ठेवले आहे.

ज्यांच्या घरात सगळी उपकरणे ॲपलचीच आहेत त्यांना २०२४ पासून फोनमध्येच असलेले पासवर्ड्स हे ॲप पुरेल, आणि ज्यांचा सगळा वावर अँड्रॉइड व क्रोममध्येच आहे त्यांना गूगलचा पासवर्ड मॅनेजरही चालेल. काहीच न वापरण्यापेक्षा ते फार बरे. ज्यांना आपली माहिती कोणाच्याच सर्व्हरवर नको त्यांच्यासाठी कीपासएक्ससी आहे. तो मोफत आहे आणि सगळे एका फाइलीत आपल्याच संगणकावर ठेवतो, पण ती फाइल फोनवर नेणे आणि तिच्या प्रती सांभाळणे हे काम आपल्याला करावे लागते. आमच्यासारख्या मिश्र घराला, जिथे एकाचा आयफोन, तिघांचे अँड्रॉइड आणि ऑफिसचा संगणक विंडोजचा आहे, बिटवॉर्डन सोयीचा पडतो. इंटरनेट नसताना आधीच लॉगिन असलेल्या फोनवर नोंदी वाचता येतात, पण बदलता येत नाहीत. गावी रेंज नसलेल्या ठिकाणी नवा पासवर्ड नोंदवायचा असेल तर तेवढ्यापुरता कागदच वापरावा लागतो.

आमच्या घरात प्रीमियम एकाच खात्याचे घेतले आहे, माझ्या. घरातल्या बहुतेक नोंदी माझ्याकडे आहेत आणि इमर्जन्सी ॲक्सेससाठी ज्याला नेमायचे त्याचे खाते मोफत असले तरी चालते. नवऱ्याला नेमले आहे, मुदत सात दिवसांची ठेवली आहे. उरलेल्या तिघांची खाती मोफत आहेत आणि त्यांना अजून कशाचीही उणीव भासलेली नाही.